उन्हाळी मिरचीचीं रोपें शेतांत केव्हां न्यावीं?

मिरचीची जात कोणती घ्यावी, लावणी किती अंतरावर करावी, खत कोणतें व किती द्यावें, यांविषयीं शेतकरी बंधूंत पुष्कळ चर्चा होते. परंतु रोपें वाफ्यांतून उचलून उघड्या शेतांत नेण्याचा दिवस कसा ठरवावा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो दिवस बहुधा सोयीनें ठरतो. मजूर मिळाले, रोपवाटिकेची गाडी दारांत आली, किंवा शेजाऱ्यानें लावणी उरकली, कीं आपणहि ती करावयाची, असा परिपाठ आहे. पावसाळी मिरचीच्या बाबतींत हें खपून जातें. कारण जून-जुलै महिन्यांत रात्रीहि उबदार असतात व पावसाचें आगमन हाच लावणीचा मुहूर्त होतो. उन्हाळी मिरचीचें तसें नाहीं. तिला एका बाजूस माघांतील थंडी व दुसऱ्या बाजूस वैशाखांतील ऊन अशीं दोन कुंपणें आहेत, आणि त्यांच्यामधली वाट अरुंद आहे. ती वाट कशी ओळखावी, एवढ्याच गोष्टीचा विचार या लेखांत करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

विषय लहान दिसतो, पण त्यांत गुंतलेलें हित लहान नाहीं. उन्हाळी मिरची ही सर्वस्वी विहिरीच्या अगर कालव्याच्या पाण्यावरची बागाईत आहे. चैत्रापासून विहिरीचें पाणी खालीं जाऊं लागतें, आणि त्यानंतरची प्रत्येक पाळी मोलाची असते. पिकाचा पहिला बहर पाणी असतांना हातीं आला, तर झालेला खर्च भरून निघतो; तो बहर चुकला, तर उरलेलें पाणी नुसतीं झाडें जगविण्यांत खर्चीं पडतें. हा लाभ किंवा ही हानि पुष्कळ अंशीं लावणीच्या दिवशींच ठरलेली असते.

म्हणी व पंचांग

आपल्या वाडवडिलांनीं थंडी संपल्याची खूण म्हणून दोन सण सांगून ठेविले आहेत. महाशिवरात्रीस थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असें घरोघर बोललें जातें. आणि ‘होळी जळाली, थंडी पळाली’ ही म्हण तर लहान मुलांसहि ठाऊक असते. या म्हणींत अनुभव आहे यांत शंका नाहीं. परंतु त्या तारखेच्या जागीं वापरूं गेल्यास फसगत होते. कारण हे दोन्ही सण चांद्रमासाच्या तिथीवर अवलंबून आहेत, व चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षां सुमारें ११ दिवसांनीं लहान असल्यामुळें सण दरवर्षीं मागें सरकत जातो आणि अधिकमास आला म्हणजे एकदम पुढें उडी घेतो. २०१८ सालीं महाशिवरात्र १३ फेब्रुवारीस आली, तर २०२१ सालीं ती ११ मार्चास आली. होळी २०१८ सालीं १ मार्चास होती, व २०२१ सालीं २८ मार्चास. म्हणजे एकाच म्हणीवर भरंवसा ठेवून लावणी करणाऱ्याच्या दोन वर्षांच्या लावणींत जवळजवळ चार आठवड्यांचा फरक पडेल. ऊन व थंडी हीं सूर्याच्या गतीनें चालतात, चंद्राच्या नव्हे. म्हणूनच मृग नक्षत्र, जें सूर्यावरून मोजलें जातें, तें दरवर्षीं जूनच्या ७-८ तारखेसच लागतें, व पेरणीच्या कामीं तें उपयोगी पडतें.

कृषि विद्यापीठांच्या शिफारशींत उन्हाळी मिरचीची लागवड जानेवारी-फेब्रुवारी महिन्यांत करावी असें सामान्यतः सांगितलेलें असतें. ही मर्यादा योग्यच आहे. परंतु ती साऱ्या प्रांतासाठीं आहे. निफाडच्या शेतकऱ्यानें तिचा आरंभ धरावा कीं शेवट, हें त्यालाच ठरविलें पाहिजे. त्यासाठीं मिरचीचा मूळ स्वभाव प्रथम पाहूं.

मिरचीचा स्वभाव

मिरची आज आपल्या ताटांत इतकी मुरली आहे कीं ती परकी होती हें ध्यानांत येत नाहीं. तिचें मूळ घर मेक्सिको व त्याच्या आसपासचा अमेरिका खंडाचा उष्ण प्रदेश. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याच्या किनाऱ्यास उतरली. उबदार मुलखांतील हें झाड तेथें अनेक वर्षें जगतें. त्यास ऊब पाहिजे, पण होरपळ नको. दिवसा २५ ते ३० व रात्रीं १६ ते २१ अंश सेल्सियस उष्णतामान असलें म्हणजे तें उत्तम वाढतें. रात्रीचा पारा १३ अंशांच्या खालीं राहूं लागला कीं वाढ मंदावते, व १० अंशांच्या सुमारास ती जवळजवळ थांबते. पारा गोठणबिंदूपाशीं गेला तर कोंवळें रोप एका रात्रींत काळें पडतें. उलट बाजूस, दिवसाचें उष्णतामान ३५ अंशांच्या वर व रात्रीचें २४ अंशांच्या वर सतत राहिलें, तर परागांतील जोम कमी होतो, फलधारणा होत नाहीं, आणि कळ्या व फुलें देठासह गळून पडतात.

थंड देशांतील माळी मिरचीचीं रोपें घरांत कांचेआड वाढवितात व हिमाचा काळ संपल्यावर मे महिन्यांत बाहेर नेतात. त्यांस एकाच कुंपणाची काळजी. थंडी सरली कीं पुढें मोकळें रान. आपल्याला मात्र थंडी सरण्याची वाट पाहावी लागते, आणि ती फार वेळ पाहूनहि चालत नाहीं.

थंड जमिनींत रोपाचें काय होतें

लवकर लावलेलें रोप लवकर फळ देईल, हा समज स्वाभाविक आहे, पण मिरचीच्या बाबतींत तो खोटा ठरतो. जमीन थंड असली म्हणजे मुळांची पाणी व अन्नद्रव्यें शोषून घेण्याची शक्ति क्षीण होते. विशेषतः स्फुरद थंड मातींत असूनहि रोपास मिळत नाहीं. दिवसा ऊन कडक, पानांतून पाणी उडतें आहे, आणि खालीं मुळें झोंपलेलीं, अशी ओढाताण होते. पानें पिवळट व जाड होतात, शेंडा आखडतो, नवें पान येत नाहीं. असें रोप मरत नाहीं. मेलें असतें तर शेतकऱ्यानें दुसरें लावलें असतें. तें तीन-तीन, चार-चार आठवडे जसेंच्या तसें उभें राहतें. त्या अवधींत ओल्या थंड मातींतील बुरशी मुळांस व खोडाच्या बुडास ग्रासते, आणि ऊब येतांच फुलकिडे व मावा या दुबळ्या रोपांवर येऊन बसतात. पुढें थंडी ओसरल्यावर वाढ सुरू होते खरी, पण खुजें झालेलें झाड चार पानांवरच कळ्या धरूं लागतें, व त्याचा विस्तार होत नाहीं.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. समजा, एका शेतकऱ्यानें २० जानेवारीस थंड जमिनींत लावणी केली, व दुसऱ्यानें तींच रोपें वाफ्यांतच उबेंत राखून १८ फेब्रुवारीस लावलीं. पहिल्याचें रोप महिनाभर अडून बसलें, दुसऱ्याचें आठवड्याभरांत मुळें धरून चालूं लागलें. मार्चअखेर दोन्ही शेतें पाहिलीं, तर उशिरां लावलेलें शेत बहुधा पुढें गेलेलें दिसेल. आणि पहिल्यानें चार आठवड्यांचें पाणी, खुरपणी व औषध अधिक खर्चिलेलें असेल.

दुसरें कुंपण

तर मग थंडी पुरती जावी, होळी होऊन जावी, आणि निर्धास्तपणें लावावें, असें कोणी म्हणेल. येथें हिशोब केला पाहिजे. लावणीपासून सुमारें दीड महिन्यानें मिरची फुलावर येते, व दोन ते अडीच महिन्यांनीं हिरव्या मिरचीचा पहिला तोडा मिळतो. १८ फेब्रुवारीस लावलेलें रोप ४ एप्रिलच्या सुमारास फुलेल. २५ मार्चास लावलेलें रोप ९ मेच्या सुमारास. मे महिन्याच्या त्या पंधरवड्यांत मालेगांव, जळगांव, अकोला, चंद्रपूर या बाजूंस पारा ४२ अंशांच्या वर जाणें ही नित्याची गोष्ट आहे. अशा वेळीं आलेलें फूल टिकावयाचें नाहीं.

एप्रिलच्या आरंभींहि ऊन सौम्य असतें असें नाहीं, व तेव्हांहि कांहीं फुलें गळणारच. परंतु तोंपर्यंत झाडाचा घेर झालेला असला, मुळें खोल गेलेलीं असलीं, तर तें आपल्याच सावलीनें बुडाची जमीन झांकून धरतें, वाऱ्यास तोंड देतें, आणि दोन-तीन तोडे देऊन जातें. लावणीच्या दिवसाचें सारें मर्म यांत आहे: *रोप शेतांत गेल्या दिवसापासून थांबूं नये, आणि वैशाखाच्या आधीं त्यानें आपली जमीन झांकावी.* पहिल्या अटीसाठीं थंडी ओसरली पाहिजे. दुसऱ्या अटीसाठीं, थंडी ओसरतांच एकहि दिवस वाया दवडतां कामा नये.

ठिकाणपरत्वें भेद

हा दिवस साऱ्या महाराष्ट्रांत एक नसतो. कोंकणपट्टींत समुद्राच्या सान्निध्यामुळें रात्री फारशा गार होत नाहींत; तेथें थंडीचें कुंपण जवळजवळ नाहींच, व भाताचें पीक निघाल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरांत लावणी करणें शक्य होतें. घाटावर नाशिक, निफाड, पुणें, अहिल्यानगर या बाजूस रात्री बऱ्याच गार असतात. निफाडचा पारा ऐन थंडींत कित्येक वर्षीं ५ अंशांच्याहि खालीं उतरतो, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यांत तेथें निश्चिंत राहतां येत नाहीं. अशा ठिकाणीं फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा हा सामान्यतः योग्य काळ ठरतो. कोल्हापूर-सांगलीकडे रात्री त्या मानानें लवकर उबदार होतात. नागपूर-चंद्रपूरकडेहि फेब्रुवारी लागतांच रात्रींचा गारठा कमी होऊं लागतो, परंतु उन्हाळा तितकाच लवकर चढतो; म्हणून तेथें थंडी सरतांच, फेब्रुवारीच्या आरंभीं, लावणी उरकली पाहिजे. जेथें थंडी लवकर जाते तेथें ऊनहि लवकर येतें, हें विसरूं नये.

जिल्ह्याचें राहो, एका गांवांतहि दोन शेतें सारखीं नसतात. थंड हवा जड असते. ती रात्रीं पाण्याप्रमाणें उताराकडे वाहत जाऊन ओढ्याकांठच्या सखल रानांत सांचते. माळाच्या उतारावरील शेतापेक्षां त्या रानांत पहांटे दोन-चार अंशांनीं अधिक गारठा असतो. भारी काळी जमीन ओली असतां सावकाश तापते. हलकी, निचऱ्याची जमीन दोन दिवसांच्या उन्हानेंहि उबदार होते. म्हणून ज्याच्याकडे दोन्ही प्रकारचीं रानें आहेत, त्यानें उंचावरील हलक्या रानांत प्रथम लावणी करावी व सखल काळ्या रानास आठ-दहा दिवस अधिक द्यावेत.

पारा पाहण्याची रीत

एवढे भेद असतां दिवस ठरवावयाचा कसा? उपाय सोपा व स्वस्त आहे. ज्यांत रात्रीचा नीचतम व दिवसाचा उच्चतम पारा खुणेनें राहतो असा एक तापमापक आणावा. तो शेतांतच, जमिनीपासून सुमारें चार फूट उंचीवर, ऊन लागणार नाहीं पण वारा खेळेल अशा जागीं टांगावा. जानेवारीच्या मध्यापासून रोज सकाळीं तो पाहून आंकडा वहींत लिहावा. सोबत एक साधा मातींत खुपसावयाचा तापमापक असल्यास चार इंच खोलीवरील मातीची ऊब सकाळीं सातच्या सुमारास पाहावी.

आमचा नियम असा: सलग सात रात्रीं पारा १३ अंशांच्या, म्हणजे फॅरनहाइट ५५ च्या, खालीं गेला नाहीं, सकाळीं मातींत १७-१८ अंश ऊब आहे, आणि पुढील चार-पांच दिवसांच्या हवामानाच्या अंदाजांत थंडीच्या लाटेची सूचना नाहीं, या तीन गोष्टी जुळल्या म्हणजे लावणीचा दिवस आला. एखादी उबदार रात्र पाहून घाई करूं नये. फेब्रुवारींत आभाळ आलें कीं दोन-तीन रात्री उबदार जातात, आणि आभाळ निवळतांच उत्तरेचा कोरडा वारा सुटून पारा पुन्हां खालीं येतो. निरभ्र व निवांत रात्र ही सर्वांत गार असते, व अशा रात्रीं रोपाच्या उंचीवरील हवा चार फुटांवरील हवेपेक्षां दोन-तीन अंशांनीं अधिक थंड असते, हेंहि हिशोबांत धरावें. १३ अंशांची मर्यादा आम्हीं घालतों ती यासाठींच.

हवामान खात्याचे अंदाज आतां प्रत्येकाच्या हातांतील मोबाइलवर येतात. त्यांचा उपयोग अवश्य करावा. पण ते मोठ्या क्षेत्राचे असतात, आपल्या ओढ्याकांठच्या रानाचे नव्हेत. तीन-चार वर्षें वहींत आंकडे लिहिले, तर आपलें रान तालुक्याच्या आंकड्यापेक्षां किती थंड वा उबदार असतें हें आपणांसच कळून येईल, व ती वही कोणत्याहि पुस्तकापेक्षां अधिक उपयोगी पडेल.

बीं टाकण्याचा दिवस

लावणीचा दिवस साधावयाचा तर रोप त्या दिवशीं तयार पाहिजे. लावणीयोग्य रोप म्हणजे १२ ते १५ सेंटिमीटर उंच, सहा ते आठ पानांचें, ताठ खोडाचें. उबेच्या दिवसांत असें रोप ३५ ते ४० दिवसांत होतें. थंडींत त्यास ४५ ते ५५ दिवस लागतात. याचें कारण मुख्यतः उगवणींत आहे. मातींत २५ अंश ऊब असतां मिरचीचें बीं आठ-नऊ दिवसांत उगवतें, २० अंशांत त्यास १२-१३ दिवस लागतात, आणि १५ अंशांत सुमारें २५ दिवस. इतके दिवस ओल्या मातींत पडून राहिलेलें बीं कुजण्याचा संभव मोठा असतो.

तेव्हां घाटावर फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यांत लावणी करावयाची असल्यास डिसेंबरअखेर बीं टाकावें. गादीवाफा गोठ्याच्या अगर घराच्या दक्षिण बाजूस, जेथें दिवसभर ऊन मिळेल व उत्तरेचा वारा अडेल, अशा जागीं करावा. बीं टाकल्यावर वाफा वाळलेल्या गवतानें झांकावा व मोड दिसतांच गवत काढावें. बांबूच्या कमानी रोवून त्यांवर रात्रीं प्लास्टिकचा कागद ओढावा व सकाळीं ऊन आल्यावर तो उघडावा. न उघडल्यास आंत वाफ कोंडून रोपें बुडाशीं कुजून कोलमडतात. पाणी सकाळीं द्यावें, संध्याकाळीं देऊं नये. ट्रेमध्यें रोपें करणाऱ्यांनीं ट्रे थंड जमिनीवर न ठेवतां फळीवर अगर विटांवर ठेवावे. रोपवाटिकेंतून तयार रोपें घेणाऱ्यांनीं मागणी नोंदवितांनाच आपली तारीख सांगावी, व रोप आपल्या दिवसासाठीं मागवावें, त्यांच्या गाडीच्या दिवसासाठीं नव्हे.

रोप काटक करणें

वाफ्यांतील रोप हें पाळण्यांतील मूल आहे. पूर्वीं उघड्या गादीवाफ्यावर वाढलेलें रोप ऊन-वारा कांहींसा सोसलेलें असे. आतां फुलकिडे व पांढरी माशी यांपासून रक्षण व्हावें म्हणून रोपें बारीक जाळीच्या आंत वाढवितात. हें योग्यच आहे. कारण बोकड्या अथवा चुरडामुरडा रोपावस्थेंतच शिरला तर पुढें उपाय चालत नाहीं. परंतु जाळींत वाढलेल्या रोपाचें पान पातळ व खोड लुसलुशीत असतें. तें एकदम उघड्यावर नेल्यास दोन दिवसांत पानांवर पांढुरके चट्टे पडतात, पानें करपतात, व रोप वाऱ्यानें लवतें.

यासाठीं लावणीपूर्वीं आठ ते दहा दिवस रोप क्रमाक्रमानें काटक करावें. पहिले दोन दिवस ट्रे सकाळच्या कोंवळ्या उन्हांत दोन-तीन तास बाहेर ठेवावे, पुढील तीन दिवस दुपारपर्यंत, त्यानंतर दिवसभर, आणि शेवटच्या दोन-तीन रात्रीं, पारा फार खालीं जाणार नसेल तर, रात्रींहि बाहेरच असूं द्यावे. गादीवाफ्यावरील आच्छादन याच क्रमानें कमी करावें. पाणी हळूहळू तोडावें. दुपारीं पान किंचित् मलूल होऊन संध्याकाळीं ताठ झालें तर तें इष्ट समजावें, पण संध्याकाळींहि पान मलूल राहील इतका ताण देऊं नये. या दिवसांत युरिया अथवा दुसरें नत्रखत मुळींच देऊं नये. त्यानें पुन्हां कोंवळी फूट येते व केलेली मेहनत वाया जाते. अशा रीतीनें काटक झालेल्या रोपाचें पान गडद व जाड होतें, खोडांत अन्नसंचय होतो, आणि नवीं मुळें फुटण्याची शक्ति वाढते. उपटण्याच्या आदल्या संध्याकाळीं मात्र वाफ्यास भरपूर पाणी द्यावें, म्हणजे मुळें न तुटतां रोप मातीसह निघतें.

लावणीचा दिवस

सरी-वरंब्यास आदल्या दिवशीं पाणी देऊन वाफसा येऊं द्यावा. लावणी दुपारीं चार वाजल्यानंतर करावी, म्हणजे रोपास पहिली रात्र सांवरण्यास मिळते. वाफ्यांत रोप जेवढें मातींत होतें तेवढेंच खोल लावावें. उंच व पसरणाऱ्या जातींस ६० × ६० सेंटिमीटर व बुटक्या जातींस ६० × ४५ सेंटिमीटर अंतर पुरतें. ज्या रोपावर कळी आली असेल तिची कळी खुडून टाकावी. आधीं झाड, मग फळ. पहिले चार-पांच दिवस पश्चिमेच्या बाजूनें पळसाच्या अगर आंब्याच्या पानांचा आडोसा केल्यास मर कमी होते. शेताच्या कडेनें मक्याच्या दोन ओळी आधींच पेरून ठेविल्या असल्या, तर त्या वारा अडवितात व उडून येणाऱ्या किडींसहि कांहीं अंशीं रोखतात.

थंडी परतल्यास

सारी खबरदारी घेऊनहि एखादे वर्षीं थंडी उलटून येते. तशी सूचना मिळतांच संध्याकाळीं हलकें पाणी द्यावें. ओली माती दिवसाची ऊब अधिक सांठविते व रात्रीं ती हळूहळू सोडते. कोरडी भुसभुशीत माती लवकर गार पडते. शक्य तर विहिरीचें पाणी द्यावें, कारण तें या दिवसांत कालव्याच्या पाण्यापेक्षां उबदार असतें. पहांटे वाऱ्याच्या बाजूस पालापाचोळ्याचा धूर करावा. थोडींच रोपें असतील तर तीं कागदानें वा पानांनीं झांकून सकाळीं उघडावीं.

गारांवर मात्र इलाज नाहीं. २०१४ सालीं फेब्रुवारीअखेर व मार्चांत महाराष्ट्रांतील कित्येक जिल्ह्यांत झालेली गारपीट अनेकांच्या स्मरणांत असेल. म्हणून सर्वच रोपें एकदम शेतांत नेऊं नयेत. दहांत एक-दोन या प्रमाणांत रोप वाफ्यांत राखून ठेवावें. तें नांगे भरण्यास उपयोगी पडतेंच, व आपत्ति आल्यास पुन्हां उभें राहण्यास आधार होतो.

दिवस चुकल्यास

कांहीं कारणानें मार्चचा पहिला आठवडा उलटून गेला, तर काय करावें? आमचें मत स्पष्ट आहे: हट्टानें लावूं नये. मार्चाच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत लावलेली मिरची ऐन वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हांत फुलावर येते, व हा काळ सर्वांत वाईट. त्यापेक्षां ते रान तयार करून थांबावें, आणि ज्यांच्याकडे मे महिन्यांत पुरेल एवढें पाणी निश्चित आहे त्यांनीं नवें रोप करून एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभीं ठिबकावर व आच्छादनावर लावणी करावी. २७ एप्रिलचें रोप ११ जूनच्या सुमारास, म्हणजे मृगाच्या गारव्यांत, फुलावर येतें. भोकरदन-सिल्लोड भागांतील बागाईतदार ही रीत चालवितात. ज्यांचें पाणी तोंपर्यंत पुरणार नाहीं, त्यांनीं पावसाळी लावणीचीच तयारी करावी. चुकीच्या दिवशीं लावलेल्या रोपापेक्षां न लावलेलें रान बरें. त्याचें पाणी तरी शिल्लक राहतें.

शेतींतील बहुतेक कामांत उशीर हा दोष समजला जातो, व तो समज बरोबर आहे. परंतु उन्हाळी मिरचीच्या लावणींत घाई हाहि तितकाच मोठा दोष आहे, आणि तो दिसून येत नाहीं म्हणून अधिक घातक आहे. थंडींत अडलेलें रोप उभें दिसतें, हिरवें दिसतें, आणि शेतकरी समाधानांत राहतो. नुकसान कळतें तें तोड्याच्या वेळीं. म्हणून आमची विनंति एवढीच आहे कीं, येत्या पौषांत प्रत्येक मिरची बागाईतदारानें शेतांत एक तापमापक टांगावा, एक वही घालावी, आणि लावणीचा दिवस शेजाऱ्यास न विचारतां आपल्या रानाच्या रात्रीस विचारावा.